रिझ्युमेवर फेक एक्स्पीरियन्स टाकलाय, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे बीजीव्हीमध्ये काढली. लोकांची जुनी नोकरी खरी की खोटी हे तपासून रिपोर्टला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचा, हेच काम. ते सोडलं तरी मेसेज येतातच, बहुतेक रात्री साडेअकरानंतर, आणि सुरुवात ठरलेली, "दादा, एका मित्राबद्दल विचारायचं होतं". तर त्या सगळ्या मित्रांसाठी हे एकत्र लिहून ठेवतोय. सगळं भारतातल्या खासगी नोकऱ्यांबद्दल आहे, त्यातही आयटीबद्दल जास्त. मी वकील नाही, नोटीस हातात पडली असेल तर आधी वकील गाठा आणि मग हे वाचा.

१. फेक म्हणजे नेमकं काय धरतात? मी फक्त पाच महिने वाढवलेत, कंपनी खरीच आहे.

रिपोर्टमध्ये तेही येतं, पण वेगळ्या खणात. तारखा पुढेमागे केल्या, गॅप झाकला, हुद्दा फुगवला की त्याला डिस्क्रेपन्सी म्हणतात आणि ती किती चालवून घ्यायची हे त्या त्या कंपनीच्या पॉलिसीवर असतं. कुठे महिन्याभराचा फरक सोडून देतात, कुठे आठवड्याचाही विचारतात. जिथे कधी पाऊलच टाकलं नाही त्या कंपनीचं लेटर, पेस्लिप, रिलीव्हिंग बनवून घेतलं असेल तर ते सरळ बनावट कागदपत्र आणि खालचे बहुतेक प्रश्न त्यांचेच आहेत. तुमचे पाच महिने या दुसऱ्या खणातले नाहीत. पण ते पाच महिने सिद्ध करायला एक जरी लेटर एडिट केलं असेल ना, तर गेलात तुम्ही दुसऱ्या खणात. लोक इथेच फसतात, छोट्या थापेला मोठा कागद जोडतात.

२. कंपनीला कळतं तरी कसं? ज्याने लेटर बनवून दिलं तो कन्सल्टन्सीवाला म्हणाला, एचआरचा फोन आमचाच माणूस उचलतो.

उचलत असेल हो. पण फोनवर विश्वास ठेवायचे दिवस गेले. आता तपासणारा माणसाला कमी आणि नोंदींना जास्त विचारतो, आणि त्या नोंदी ना तुमच्या हातात ना कन्सल्टन्सीवाल्याच्या.

पहिली नोंद पीएफची. २०१४ पासून यूएएन आहे, बारा आकडी, आधारला जोडलेला, माणूस कितीही नोकऱ्या बदलो नंबर तोच. त्यात सर्व्हिस हिस्टरी दिसते, कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सुटला, आणि पासबुकात महिन्या महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन. तुम्ही सांगता २०१९ ला लागलो आणि यूएएनच निघालाय २०२१ ला, तर पुढचा प्रश्न विचारायला फार हुशारी लागत नाही.

दुसरी इन्कम टॅक्सची. फॉर्म २६एएसमध्ये पगारावर टीडीएस कोणी कापला ते नावानिशी आणि टॅनसकट, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याच्या नंबरासकट येतं. पगार टॅक्सच्या खाली असेल तर तिथे काही नसणं नॉर्मल आहे, खऱ्या फ्रेशरचंही कोरंच असतं, त्यामुळे कोरं २६एएस म्हणजे लगेच फेक असं कोणी धरत नाही. पण रिझ्युमेवर वर्षाचं पंधरा लाखांचं पॅकेज आणि २६एएस कोरं, तर मग धरतात.

तिसरी बँकेची, सॅलरी क्रेडिट. चौथी कंपनीची स्वतःची, एमसीएच्या, म्हणजे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनी कधी रजिस्टर झाली, चालू आहे की स्ट्राइक ऑफ, म्हणजे नोंदीतून काढून टाकलीय ते कोणालाही बघता येतं. कंपनीची स्थापना २०२० ची आणि तुमचं जॉइनिंग लेटर २०१८ चं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, अनेकदा.

आणि एवढं करूनही शंका राहिली तर माणूस पत्त्यावर जातो. एका पत्त्यावर मला सात कंपन्यांची लेटरहेड सापडली होती, खाली शिलाईचं दुकान, वर जिन्याला कुलूप. दुकानदाराने मला पाहिल्या पाहिल्या विचारलं, "तुम्ही पण चौकशीवाले का?"

३. माझ्या केसमध्ये पीएफ पण भरलाय, दीड वर्षाचा. मग ते जेन्युइनच झालं ना?

नाही. महाग झालं, जेन्युइन नाही झालं.

कन्सल्टन्सीवाले विकतात त्या या पॅकेजमध्ये काय होतं बघा. नावापुरती एक कंपनी काढायची, पीएफला रजिस्टर करायची, वीस-पंचवीस पोरांकडून पैसे घेऊन त्यांच्याच पैशातून त्यांचाच पीएफ भरायचा, पगाराचं क्रेडिट पण त्यांचेच पैसे फिरवून दाखवायचे. कागद सगळे जुळतात. पण अडचण अशी की तुम्ही आता एकटे राहिला नाहीत, तुमच्यासारखे सगळे एकाच नावाला बांधलेले. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, कुठल्या महिन्यात किती माणसांचे पैसे भरले ते तिथे कळतं. "आमचे दोनशे एम्प्लॉयी" म्हणणाऱ्या कंपनीने बावीस जणांचे भरलेत आणि तेही तीन महिन्यांचे एकाच दिवशी, हे दिसलं की ती कंपनी बीजीव्ही करणाऱ्या व्हेंडरच्या संशयित यादीत जाते. आणि यादीत एकदा नाव गेलं की आधी क्लिअर झालेल्या फायलीसुद्धा परत उघडतात.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरने भारतात जाहीरपणे सांगितलं होतं, अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची कागदपत्रं आणि एक्स्पीरियन्स लेटर वापरून नोकऱ्या मिळवायची एक स्कीम आम्हाला सापडलीय आणि त्यातल्या लोकांना आम्ही काढलंय. शब्द बघा, "स्कीम". एकेकाला हुडकत बसायची गरजच पडली नाही.

४. बीजीव्ही क्लिअर होऊन दोन वर्षं झाली. आता सुटलो ना?

रोजच्या भाषेत बोलायचं तर धोका पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो आणि मग उतरत जातो, हे खरंय. पण शून्य होत नाही. क्लायंट बदलला, विशेषतः बँक किंवा इन्शुरन्सवाला क्लायंट आला, की परत बीजीव्ही. कंपनी विकली गेली, परत. प्रमोशन वरचं असेल तर परत. शिवाय प्रश्न ३ मधली यादी आहेच.

किती वर्षांनी निघू शकतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचं. तिथल्या ॲडमिशन विभागाच्या डीन मॅरिली जोन्स यांनी १९७९ मध्ये लागताना नसलेल्या डिग्र्या लिहिल्या होत्या, ते निघालं २००७ मध्ये आणि राजीनामा द्यावा लागला. अठ्ठावीस वर्षं. आणि बाई कामात उत्तम म्हणून नावाजलेल्या होत्या, कामाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तिथे डिग्रीचं होतं, इथे अनुभवाचं, पण गाठ तीच. जॉर्ज सँटोस तर खासदार झाला अमेरिकेत, निवडून आल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये त्याने कबूल केलं की रिझ्युमेवर लिहिलेल्या गोल्डमन सॅक्स आणि सिटीग्रुप या बड्या बँकांमध्ये आपण कधी नव्हतोच. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सभागृहातून काढलं, त्यात पैशांचे घोळ जास्त होते, पण लोक खणायला लागले ते रिझ्युमेपासून.

या सगळ्यात वर जाणाऱ्याला जास्त भीती. टीममध्ये गप्प काम करणाऱ्याचा रिझ्युमे कोणी काढून बघत नाही, डायरेक्टर होणाऱ्याचा बघतात.

५. पकडलं तर पोलीस केस होते का? जेल?

होऊ शकते का, हो. होते का, बहुतेक वेळा नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. फसवणुकीला कलम ३१८(४), फसवणुकीसाठी बनावट कागद करण्याला ३३६(३), बनावट कागद खरा म्हणून वापरण्याला ३४०(२). आधीच्या दंड संहितेत लोक ज्याला चारशेवीस म्हणायचे तेच, आणि ४६८, ४७१. शिक्षा कागदावर सात वर्षांपर्यंत आहे. पण खासगी कंपनीला तुमच्या मागे कोर्टात फिरायला वेळ नसतो, ती तुम्हाला काढते आणि पुढे जाते. केस होते ती जास्त करून कागद बनवून विकणाऱ्या टोळीवर आणि मग तिच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या नावांना जबाबासाठी बोलावतात.

दोन ठिकाणी मात्र हे गणित बदलतं. एक, तुम्ही खऱ्या नामांकित कंपनीचं लेटरहेड आणि तिथल्या खऱ्या एचआरची सही वापरली असेल, कारण आता तक्रार करायला दुसरी कंपनीही तयार. दोन, सरकारी किंवा सरकारी बँकेची नोकरी, तिथे खातेनिहाय चौकशी लागते आणि ती कितीही वर्षांनी लागते.

६. काढलं तर पगार परत मागतात का? पीएफ बुडतो का?

पीएफ तुमचा, तो कोणी अडवू शकत नाही. केलेल्या कामाचा पगार सहसा कोणी परत मागत नाही. जॉइनिंग बोनस, रिलोकेशनचे पैसे, बाँड असेल तर त्याचे, हे मागतात आणि फुल अँड फायनलमधून कापतात.

ग्रॅच्युइटीचं बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, वेस्टर्न कोलफिल्ड्सची केस, कायदा तेव्हाचा, १९७२ चा ग्रॅच्युइटीचा. त्यात माणसाने जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवली होती. कोर्ट म्हणालं, नैतिक अधःपतनाच्या कारणावरून ग्रॅच्युइटी जप्त करायला आधी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं नाही. त्याची सगळी ग्रॅच्युइटी गेली. त्याच निकालात एसटीच्या कंडक्टर लोकांचंही प्रकरण होतं, तिकिटाच्या पैशांचं, त्यांची जप्ती मात्र कोर्टाने पंचवीस टक्क्यांवर आणली. म्हणजे नोकरीच खोट्यावर मिळवली असेल तर त्याकडे कोर्ट जास्त कडक नजरेने बघतं, एवढं मी त्यातून समजलो.

७. उद्या सकाळी एचआरने बोलावलंय, "डॉक्युमेंट्सबद्दल बोलायचंय" म्हणून. काय बोलू?

सगळ्यात आधी, आज रात्री नवीन कागद बनवून घेऊ नका. कन्सल्टन्सीवाला म्हणेल बँक स्टेटमेंट पाठवतो, फॉर्म सोळा पाठवतो, अजून एक मेल कन्फर्मेशन आणून देतो. नको. एचआरने मीटिंग लावली म्हणजे त्यांच्यासमोर रिपोर्ट आधीच आहे. ते बघतायत ते एवढंच की हा माणूस अजून एक खोटं पुढे सरकवतो का. मी बघितलेल्या केसेसमध्ये माणसं पहिल्या लेटरपेक्षा या दुसऱ्या लेटरने जास्त बुडाली, कारण पहिलं "तेव्हा नोकरी नव्हती, चूक झाली" म्हणून ऐकून तरी घेतात, दुसरं पगार घेत असताना केलेलं असतं.

मीटिंगमध्ये कमी बोला. नेमकं कुठलं डॉक्युमेंट, काय सापडलं ते विचारा. खरं असेल तर हो म्हणा, आणि स्वतः राजीनामा द्यायची परवानगी मिळेल का ते त्याच वेळी शांतपणे विचारा, बऱ्याच कंपन्या देतात कारण त्यांनाही गाजावाजा नको असतो. समोर कागद ठेवला तर वाचायला वेळ मागा, त्यात "कंपनीला नुकसान झालं, मी भरून देईन" असलं वाक्य असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. लॅपटॉपमधलं काही उडवू नका. रडू आलं तर येऊ द्या, एचआर पण माणूसच असतो. फक्त आईच्या आजारपणाची खोटी गोष्ट त्या वेळी सांगू नका, प्लीज.

८. कोणी विचारायच्या आधी मीच जाऊन सांगून टाकू का?

यावर मला शिव्या बसतात, पण माझं मत एकच एक नाही. ऑफर आलीय, जॉइन व्हायचंय अजून, तर हो, आजच सांगा नाहीतर ऑफर सोडा. बीजीव्हीच्या फॉर्मवर सही केलेली नसताना मागे फिरणं सगळ्यात स्वस्त. सही करताना तुम्ही "वरील माहिती खरी आहे" असं लिहून देता, त्या सहीनंतर भाव बदलतो.

जॉइन होऊन वर्षं झाली असतील तर सांगणं म्हणजे बहुतेक वेळा नोकरी जाणं, हे माहीत असू द्या. मॅनेजर कितीही चांगला असला तरी त्याला कळल्यावर गप्प बसता येत नाही, ते त्याच्याही गळ्याला येतं. म्हणून "मनावरचं ओझं उतरवायला" मॅनेजरला सांगू नका, त्यासाठी प्रश्न १४ बघा. सांगायचंच असेल तर नोकरी गेली तरी चालेल अशी तयारी करून, चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून, एचआरला लेखी सांगा. तिसरा मार्ग म्हणजे शांतपणे नोकरी सोडून खऱ्या रिझ्युमेवर पुढची घेणं. मला स्वतःला हाच मार्ग बरा वाटतो, तो प्रश्न १० मध्ये आहे.

९. काम जमत नाहीये. इंटरव्ह्यू माझ्या जागी दुसऱ्याने, म्हणजे प्रॉक्सीने दिला, आता दर महिन्याला जॉब सपोर्टवाल्याला पैसे देऊन काम करून घेतोय. कधीपर्यंत चालेल हे?

हे बंद करा, या महिन्यात. रिझ्युमेच्या थापेपेक्षा हे मोठं आहे. तुम्ही क्लायंटची स्क्रीन बाहेरच्या माणसाला दाखवताय, कदाचित पासवर्डसकट. उद्या तिथून डेटा गेला तर विषय फेक एक्स्पीरियन्सचा राहत नाही, आयटी ॲक्टचा आणि एनडीएचा, म्हणजे गुप्ततेच्या कराराचा होतो आणि मग तीच कंपनी जी प्रश्न ५ मध्ये "काढते आणि पुढे जाते", ती पुढे जात नाही.

आता जमत नाही त्याचं. चार वर्षांचा अनुभव सांगून बसलेला माणूस साधा प्रश्न विचारायला लाजतो, विचारत नाही म्हणून शिकत नाही, शिकत नाही म्हणून सपोर्टवाला लागतो, असं ते चक्र. खरं सांगायचं तर चार वर्षांच्या खऱ्या अनुभवाचे लोकही नवीन प्रोजेक्टवर पहिले दोन-तीन महिने बावळट प्रश्न विचारतात. विचारा. छोटी टिकेट्स मागून घ्या, बग फिक्सिंग घ्या, जुना कोड वाचा, रोज सुटल्यावर दीड तास त्याच टेक्नॉलॉजीला द्या ज्यावर काम आहे, भारंभार कोर्स नकोत. सहा महिन्यांत माणूस तरंगायला लागतो. कौशल्याचं भोक बुजतं हो, बुजत नाही ती नोंद, आणि लोक नेमके उलटं करतात, नोंद रंगवत बसतात आणि काम शिकायचं राहून जातं.

१०. इथे आता तीन वर्षं खरी झाली. नोकरी बदलायचीय. आधीची दोन फेक वर्षं रिझ्युमेवर ठेवू की काढू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. काढा.

लोक काय हिशोब करतात, तीन अधिक दोन पाच, पाचचं पॅकेज मिळेल. पण नवीन कंपनीत ती दोन वर्षं परत तपासली जाणार, आणि मागच्या वेळेपेक्षा तपासण्या कडक झाल्यात. म्हणजे एकदा जुगारात वाचलेला माणूस तोच डाव परत खेळतो, तेही गरज नसताना, कारण आता हातात तीन खरी वर्षं आहेत.

"पण आत्ताच्या कंपनीच्या रेकॉर्डला माझे पाच आहेत, नवीन कंपनी विचारेल ना त्यांना?" विचारेल, पण आधीची कंपनी साधारणपणे तुमची जॉइनिंग आणि रिलीव्हिंग तारीख, हुद्दा, कधी कधी पगार आणि परत घ्याल का, एवढंच सांगते. तुम्ही तिथे लागताना काय रिझ्युमे दिला होता तो कोणी पाठवत नाही. हुद्दा सिनियरचा आणि अनुभव तीन वर्षं, यावर इंटरव्ह्यूत भुवया उंचावतील. उंचावू द्या. "त्या आधीचं मी माझ्या प्रोफेशनल अनुभवात धरत नाही, तीन वर्षांचंच विचारा" हे वाक्य खरं आहे आणि त्यावर उभं राहता येतं.

पगार थोडा कमी मिळेल. मिळू दे. त्या बदल्यात बीजीव्हीचा फॉर्म भरताना हात थरथरत नाही. लिंक्डइन आणि नोकरीच्या साइटवरची जुनी प्रोफाइलही त्याच दिवशी दुरुस्त करा, जुन्या रिझ्युमेची कॉपी रिक्रूटरकडे पडून असते आणि दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. त्याच कंपनीत पूर्वी कधी जुन्या रिझ्युमेवर अप्लाय केलं असेल तर तिथे सध्या जाऊ नका.

फॉर्ममध्ये "आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या लिहा" असा कॉलम असेल तर फक्त खऱ्या लिहा. तुमचा फेकमध्ये पीएफही भरलेला असेल तर गुंता आहे, पुढचा प्रश्न बघा.

११. यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत ती बोगस कंपनी कायमची दिसते. काढता येत नाही का?

चुकून जोडला गेलेला मेंबर आयडी वेगळा करायची सोय ईपीएफओने दिलीय, पण ती चुकून जोडलेल्यांसाठी. तुमचा चुकून नाही, पैसे देऊन जोडलाय, आणि "मला माहीतच नाही ही कंपनी कोणती" असं सरकारी पोर्टलवर लिहून देणं म्हणजे नवीन खोटं, त्यात तुमच्याच खात्यातून त्या कंपनीला गेलेले पैसे बँकेत दिसतायत. दुसरा यूएएन काढायचं तर डोक्यातही आणू नका.

मग रिझ्युमेवर नसलेली कंपनी यूएएनमध्ये दिसली आणि विचारलं तर? तेव्हा खरं सांगायची वेळ आलीच. "करिअरच्या सुरुवातीला एका कन्सल्टन्सीने माझ्या नावाने ही नोंद केली, मी तिथे काम केलेलं नाही आणि तो अनुभव मी कुठेही क्लेम करत नाहीये." काही कंपन्या इथेच फाइल बंद करतील, काही पुढे जातील. क्लेम केलेला अनुभव खोटा निघणं आणि क्लेमच न केलेली जुनी नोंद निघणं, रिपोर्ट लिहिणाऱ्याला यातला फरक कळतो. मला तरी कळायचा.

१२. पुढे कॅनडा किंवा अमेरिकेला जायचंय. जुनी फेक वर्षं व्हिसात दाखवली तर?

तिथे थांबा. कंपनी नोकरीवरून काढते, देश दारच बंद करतो. इमिग्रेशनमध्ये खोटी माहिती सापडली तर कॅनडात पाच वर्षांची बंदी, ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षं, आणि अमेरिकेत तर कायमचं अपात्र, नंतर वेव्हर, म्हणजे खास सूट मिळाली तरच. आधी एका देशाला एक आणि आता दुसऱ्याला दुसरं सांगितलं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाकडे सगळं उघडं करा, एजंटकडे नको, एजंट बहुतेक वेळा प्रश्न २ मधल्या माणसाचाच मावसभाऊ असतो.

१३. माझं उलटं आहे. मी खरंच काम केलंय, कंपनी बंद पडली, रिलीव्हिंग लेटर नाही, आणि लोक मला फेक समजतायत!

तुमच्यासारख्यांचे हाल बघून मला या धंद्याचा खरा राग येतो. बनावटवाल्यांमुळे छोट्या कंपन्यांतली खरी पोरं भरडली जातात.

रिपोर्टमध्ये तुमचं "अनेबल टू व्हेरिफाय" येतं, लाल नाही. त्याला उत्तर पुराव्याचं असतं: पासबुकची प्रिंट, २६एएस, फॉर्म सोळा, त्या काळातलं पूर्ण बँक स्टेटमेंट (फक्त पगाराच्या ओळी नाही, पूर्ण), ऑफिसच्या मेलवरून आलेलं ऑफर लेटर, एमसीएवर कंपनी बंद झाल्याची नोंद, आणि तेव्हाचा मॅनेजर आता जिथे आहे तिथल्या ऑफिशियल मेलवरून दोन ओळी. वीसपेक्षा कमी माणसांची कंपनी असेल तर पीएफ नसणं कायद्यानेही चालतं, हे लिहून सांगा, सगळ्या एचआरना लक्षात येतंच असं नाही. आणि काहीही झालं तरी हरवलेलं रिलीव्हिंग लेटर "तसंच" टाइप करून घेऊ नका. खरा अनुभव असलेला माणूस खोट्या कागदाने लाल झालेला मी पाहिलाय. त्या रिपोर्टवर माझीच सही होती.

१४. घरी कोणालाच माहीत नाही. झोप लागत नाही, एचआरचा मेल आला की पोटात गोळा येतो.

एका माणसाला सांगा. ऑफिसबाहेरच्या. बहीण, जुना मित्र, होणारी बायको असेल तर तिला लग्नाआधी, कारण नोकरी बघून स्थळ ठरलंय आणि नोकरीच हलती आहे हे तिला नंतर कळणं वाईट. आईवडिलांना सांगायचं की नाही ते तुमचं घर तुम्हाला माहीत. मला मेसेज करणाऱ्यांपैकी निम्म्यांना उत्तर नको असतं, कुठेतरी एकदा बोलून टाकायचं असतं, हे मला उशिरा कळलं. डोक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. नोकरीसाठी जीव द्यायचा नसतो, खोट्या नोकरीसाठी तर नाहीच.

१५. कन्सल्टन्सीवाला आता धमक्या देतोय, पैसे दे नाहीतर तुझ्या एचआरला मेल टाकतो.

दिले की परत मागणार, हे नक्की. धमकी देऊन पैसे उकळणं हा खंडणीचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. चॅट, कॉल, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, वकिलाकरवी तक्रार करा. अडचण उघड आहे, तक्रार करताना तुमचंही बाहेर येतं, म्हणून वकील आधी. एक मात्र लक्षात घ्या, त्याने खरंच मेल टाकला तर त्याचाही धंदा उघडा पडतो, त्यामुळे बहुतेक धमक्या धमक्याच राहतात. त्या काळात तुम्ही प्रश्न १० मधली तयारी सुरू करा.

१६. टर्मिनेट झालो. देशभर ब्लॅकलिस्ट झालोय का? परत नोकरी मिळेल?

सगळ्या कंपन्यांची मिळून एकच काळी यादी असं काही नाही. त्या कंपनीत तुम्ही "रीहायर नाही" झालात, हे नक्की. आयटीत नॅस्कॉमची नॅशनल स्किल्स रजिस्ट्री आहे, २००६ पासून, पण ती तुमची व्हेरिफाय केलेली माहिती ठेवते, तिला ब्लॅकलिस्ट समजू नका.

नोकरी मिळते. छोट्या कंपनीत, कमी पगारावर, खऱ्या रिझ्युमेने. काढणाऱ्या कंपनीत प्रत्यक्ष केलेलं काम खरं असतं, तेवढे महिने लिहा, आणि का सोडलं विचारलं तर "बीजीव्हीमध्ये माझ्या जुन्या कागदपत्रांत गडबड निघाली, चूक माझी होती" एवढंच. दहापैकी सात ठिकाणी दार बंद होईल, आकडा माझ्या अंदाजाचा आहे. अमेरिकेत जॉर्ज ओलिअरी नावाचा फुटबॉल कोच होता, २००१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात लागला आणि पाचव्या दिवशी रिझ्युमेमुळे राजीनामा, टीव्हीवर नाचक्की. तो २००४ पासून दुसऱ्या विद्यापीठात अकरा-बारा वर्षं कोच होता. त्याच्याकडे कोचिंग खरं होतं म्हणून घेतलं कोणीतरी.

१७. मी मित्राला रेफर केलं, त्याचं फेक निघालं. माझ्यावर येतं का?

माहीत नसेल तर रेफरल बोनस परत घेतात आणि विषय संपतो. माहीत होतं, किंवा त्याचा रेफरन्स म्हणून "हो, माझ्यासोबत तिथे होता" असं तुम्ही फोनवर सांगितलंत, तर तुमचीही फाइल उघडते. आणि कन्सल्टन्सीचा नंबर तुम्हीच दिला असेल, कमिशन घेऊन, तर प्रश्न ५ परत वाचा, तिथली टोळी म्हणजे तुम्ही.

१८. दादा, माझा रिझ्युमे पाठवतो, पकडला जाईन का तेवढं बघून सांगाल?

नाही. पाठवू नका, उघडतही नाही मी. ते बघून सांगायचा मला पूर्वी पगार मिळायचा, पण समोरच्या बाजूकडून. तुमची खरी वर्षं किती आणि त्यात काय काम केलं हे एका पानावर लिहून पाठवलंत तर रविवारी बसून रिझ्युमे दुरुस्त करून देईन.